जाजमावरचे : अर्थ व उपयोग

एखाद्या शब्दाचा अर्थ लिहून देणं हे काम वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. त्यात कोणाची भिंत पडत नाही की कोणाचं लग्न मोडत नाही. म्हणून असिस्टंट कलेक्टर टॉमलिनसाहेबांनी मला खोलीत बोलावून, 'जाजमावरचे' या शब्दाचा अर्थ व उपयोग आठ दिवसांत लिहून आणा, असा हुकूम केला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. मी ठाण्याच्या कचेरीत हंगामी दुय्यम भाषांतरकार. नऊ वर्षं हंगामी. इतक्या वर्षांत मी इनामाच्या सनदांपासून मिठागराच्या तक्रारींपर्यंत सगळं इकडचं तिकडे केलेलं. एक शब्द म्हणजे काय मोठं?

साहेबांची अडचण मात्र खरी होती. ठाण्यात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत त्यांनी गटारं काढली, पोरांना देवी टोचायचं काढलं, डोंगराकडच्या तलावातून गावात नळ आणायचं काढलं. दर वेळी कागद खाली जाऊन वर आला की त्यावर एकच शेरा असे : 'जाजमावरच्यांचे मत अनुकूल नाही.' साहेबांनी कोश उघडला. कोशात जाजम म्हणजे बसायला अंथरण्याचं जाड कापड. जाड कापडावर बसलेल्या माणसांना गटार का नको, याचा खुलासा कोशात नव्हता.

आता हे जाजम काय ते सांगायला हवं. तळ्याकाठच्या देवळात रोज संध्याकाळी सभामंडपात एक जाजम अंथरतात. निळे पट्टे, मधोमध एक भलं मोठं ठिगळ, कडेला सुटलेल्या दोऱ्या. त्यावर अकरा माणसं बसतात. बारावा मावतो, पण बसत नाही. बाप वारला की तेराव्याचं उरकून चौदाव्या दिवशी मुलगा त्याच जागेवर येऊन टेकतो आणि त्याच दिवसापासून 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणू लागतो. बाकीचं गाव भोवती फरशीवर बसतं. जाजमावर बसून ही मंडळी काही करतात असं नाही. गावात नवीन काही निघालं की ते 'पाहू' म्हणतात, आणि मग ती गोष्ट पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. ठाण्यात येऊन मला चौदा वर्षं झाली होती आणि ती सगळी मी फरशीवर काढली होती. खोटं कशाला बोलू? मला जाजमावर बसायचं होतं. नोकरी कायम व्हावी असंही वाटे, पण ते पोटासाठी. जाजमाचं दुखणं निराळं. थंडीच्या दिवसांत मी बोलता बोलता सरकत जाऊन उजवा गुडघा जाजमाच्या काठावर टेकवत असे. एवढ्यानंही बरं वाटे. एकदा अण्णा मोकाश्यांनी माझ्याशीच हसून बोलत जाजमाची ती कड अशी बेमालूम ओढून घेतली की माझा गुडघा खाडकन फरशीवर आपटला. अण्णा म्हणजे मधलं ठिगळ ज्यांच्या खाली असतं ते. वय सत्तर, आवाज मऊ, आणि गावात पान हललं तरी ते आपल्याला विचारून हलावं अशी माफक अपेक्षा.

तर मी टिपण लिहायला बसलो. 'जाजमावरचे, म्हणजे प्रतिष्ठित व सधन गृहस्थ.' लिहिलं आणि खोडलं. कारण भाताचे व्यापारी रतनशेट, ज्यांची तीन गोदामं खाडीवर आहेत, ते माझ्या शेजारी फरशीवर बसतात. 'वयोवृद्ध.' तेही खोडलं. अण्णांचा पुतण्या बावीस वर्षांचा असून जाजमावर असतो. मग 'विद्वान' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

माझं कुटुंब त्या वेळी देवळामागच्या विहिरीवरून तिसरी खेप घेऊन आलं. डोक्यावरची घागर खाली ठेवत ती म्हणाली, "इतकं काय खोडताय? ज्यांचं आहे त्यांनाच विचारा की."

बायकोचा सल्ला सरळ असतो, म्हणून तो मानायला जड जातं. तरी मी संध्याकाळी देवळात गेलो आणि अण्णांना अदबीनं विचारलं, "अण्णा, जाजमावरचे म्हणजे कोण हो?"

अण्णांनी चंची उघडली, सुपारी कातरली, आणि पुष्कळ वेळानं म्हणाले, "असा शब्द आम्ही कधी ऐकला नाही, विसाजीपंत."

"पण गावात सगळे..."

"गाव काय, काहीही म्हणतं. आम्ही आपले साधे लोक. चार घटका देवाच्या दारी बसतो."

शेजारी बाळंभट होते. शास्त्रार्थ त्यांच्याकडे असतो. ते म्हणाले, "मुळात जाजम हा यावनी शब्द. त्याला शास्त्राधार नाही." हे त्यांनी जाजमावर मांडी घालून सांगितलं.

घरी येऊन मी लिहिलं : 'उपयोग : हा शब्द स्वतःविषयी कोणी वापरत नाही. दुसऱ्याविषयी वापरतात, तोही तो दुसरा उठून गेल्यावर.' एवढं एक वाक्य मला त्या आठवड्यात मनासारखं साधलं होतं. शेजारच्या हौसाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण सायबाला राग येईल असं काही लिहू नका. आणि अण्णांना येईल असंही नको. आणि आमचं नाव कुठं घालू नका."

इथपर्यंत ठीक होतं. पण कचेरीतला पट्टेवाला सहदेव याला एक खोड आहे. त्याला बंद दाराबाहेर उभं राहावं लागतं, त्यामुळे त्याला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तो पदरचं घालतो. त्यानं गावात सांगितलं की साहेब जाजमावरच्यांची यादी करवून घेताहेत. मैदानात मांडव घालणार आहेत. मांडवात खुर्च्या लागणार आहेत. आणि यादीत नाव असेल त्याला साहेबासमोर खुर्ची मिळणार आहे.

खुर्ची! हा शब्द ज्यानं ऐकला नाही असा एकही माणूस दुसऱ्या दिवशी ठाण्यात उरला नव्हता. साहेबासमोर उभं राहणारे लोक पुष्कळ. खुर्चीवर बसणारे मामलेदार आणि दोन वकील. सहदेव हे सगळं पदरचं बोलला असेल म्हणून मी साहेबांना विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, होय, मांडव आहे, खुर्च्या आहेत, आणि यादीही जोडा. कधी नव्हे तो सहदेव खरा निघाला आणि त्या दिवसापासून माझ्या घराला घरपण राहिलं नाही.

पहाटे पाचला पहिले आले ते रतनशेट. "पंत, आता तुम्हीच सांगा, मी फरशीवर बसतो ते का? मला उकडतं म्हणून. नाहीतर मी जाजमावरचाच." त्यांच्या मागून एक गृहस्थ आजोबांची पगडी घेऊन आले. आजोबा त्या पगडीसकट जाजमावर बसत असत म्हणे, आणि पुरावा म्हणून पगडीला मागच्या बाजूला निळा रंग लागलेला. मी पगडी हुंगून पाहिली नाही एवढंच. एक जण आईला घेऊन आला. आईनं शपथेवर सांगितलं की तिचे सासरे जाजमावरच वारले. ओट्यावर चपला आणि पायताणं इतकी झाली की कुटुंबाला घागर घेऊन आत यायला वाट राहिना.

चौथ्या दिवशी कल्याणहून आगगाडीनं दौलतराव म्हणून एक करारी गृहस्थ उतरले. त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "तुमचं ठाण्याचं जाजम हे मूळ आमच्या कल्याणच्या जाजमाचा तुकडा आहे. आमच्याकडे अजून कापल्याची खूण आहे. तेव्हा पहिलं नाव आमचं."

"पण दौलतराव, यादी ठाण्याची आहे."

"म्हणूनच तर आलो. मूळ सोडून फांदीची यादी करता काय?"

हे सगळं अण्णांच्या कानावर जात होतंच. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी देवळात गेलो आणि नेहमीप्रमाणे फरशीवर बसणार, तोच अण्णा म्हणाले, "विसाजीपंत, तिथं गार लागतं. इकडे या." आणि ते सरकले. बाळंभट सरकले. बाळंभट सरकले म्हणून पुतण्या सरकला. जाजमावर चार बोटं जागा झाली. मी त्या चार बोटांत बसलो. अर्धा बसलो म्हणणं अधिक खरं, पण जो अर्धा बसला होता तो संपूर्ण सुखात होता. चौदा वर्षांत मला कळलं नव्हतं की जाजम इतकं टोचतं.

अण्णांनी हळूच विचारलं, "यादीत क्रम कसा धरलाय?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसा."

आठव्या दिवशी यादीत तेवीस नावं झाली. पहिलं अण्णांचं. दौलतरावांना दुसरं दिलं, कारण ते गाडी चुकवून माझ्या ओट्यावर झोपायची धमकी देत होते. बाळंभट, पुतण्या, रतनशेट, पगडीवाले, सगळे ओळीनं आले. आणि तेविसावं? आता लपवून काय उपयोग. तेविसावं माझं. मी अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, म्हणजे कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर आधी चष्मा लावावा लागावा.

टिपण हेडक्लार्ककडे गेलं आणि परत आलं. अर्थ एका कागदावर व उपयोग दुसऱ्या कागदावर हवा. पुन्हा लिहिलं. पुन्हा परत आलं. यादीतल्या इसमांनी आपण यादीतले आहोत असं कबूल केल्याच्या सह्या हव्यात. मी कपाळाला हात लावला. ज्या मंडळींनी हा शब्दच कधी ऐकला नव्हता, त्यांच्याकडून 'मी जाजमावरचा आहे' अशी सही आणायची! पण खुर्चीची जादू बघा. अण्णांनी चष्मा पुसून वळणदार मोडीत सही केली. बाळंभटांनी यावनी शब्दाखाली सही करताना एक आचमन केलं. तेवीस सह्या एका दुपारीत झाल्या.

माघात समारंभाच्या दिवशी मैदानात मांडव उभा राहिला. तेवीस खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. आम्ही अंगरखे, उपरणी, पगड्या अशा थाटात जाऊन बसलो. खुर्चीवर मांडी घालायची की पाय सोडायचे यावर थोडी कुजबुज झाली. अण्णांनी पाय सोडले, मग सगळ्यांनी सोडले. समोर काहीतरी उभं होतं, त्यावर लाल कापड घातलेलं. राणीसाहेबांचा पुतळा असावा असं रतनशेट म्हणाले. पुतळ्याच्या मानानं तो बारीक आणि वाकलेला वाटत होता, पण राणीसाहेबांचं वय झालं आहे, असं पगडीवाल्यांनी सांगितलं. शेजारी नळाच्या कामावरचा मिस्त्री पॉल, किरिस्ताव वाडीतला, काचेचा पेला हातात धरून उभा होता.

साहेब बोलायला उठले. मी त्यांच्या बाजूला भाषांतराला. साहेब म्हणाले, या गावात नवी गोष्ट चालायची तर जुन्या, सावध, मान्यवर गृहस्थांची संमती लागते हे मला आता कळलं आहे. हे मी मोठ्या आवाजात मराठीत सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. साहेब म्हणाले, या तेवीस गृहस्थांनी आपण तेच आहोत असं सहीनिशी लिहून दिलं आहे. हेही मी सांगितलं. पुन्हा माना डोलल्या. मग साहेबांनी पॉलला खूण केली, पॉलनं लाल कापड ओढलं, आणि खाली पितळेची तोटी निघाली. गावात न्यायच्या आधी साहेबांनी नळ मैदानापर्यंत आणून ठेवला होता.

साहेब म्हणाले, आता हे गृहस्थ सर्व गावासमोर नळाचं पहिलं पाणी पितील.

ते वाक्य माझ्या तोंडातून मराठीत यायला फार वेळ लागला. मी आधी खोकलो. मग म्हणालो, "साहेबांची अशी इच्छा दिसते की... उकाडा आहे, तेव्हा..." साहेबांना तेवढं मराठी येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी ते वाक्य जसंच्या तसं सांगून टाकलं.

बाळंभट पॉलकडे वळले. "तोटीच्या आत काय असतं रे?"

"वादी हाय, भटजी."

"कशाची?"

"चामड्याची. म्हशीची असंल नायतर बैलाची, मी काय तिला इचारला नाय. पानी मात्र चांगला हाय."

मग अण्णा उठले. उठले म्हणजे त्यांच्या आयुष्यात ते इतक्या चपळाईनं उठले नसतील. "साहेब, काहीतरी गैरसमज झाला. माझे गुडघे दुखतात म्हणून देवळात मी खाली काहीतरी घेतो. त्याला लोक जाजम म्हणत असतील तर मी काय करणार?" हे मी भाषांतर करून सांगितलं. बाळंभट म्हणाले, यावनी वस्तूवर ब्राह्मण बसेलच कसा? तेही सांगितलं. रतनशेट म्हणाले, मी फरशीवरचा, साऱ्या गावाला विचारा. दौलतराव म्हणाले, "मी कल्याणचा. माझ्या गाडीची वेळ झाली," आणि भर दुपारी, ज्या वेळी कोणतीही गाडी नसते, ते स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. पगडीवाल्यांनी पगडीच काढून काखेत मारली. बावीस खुर्च्या रिकाम्या झाल्या. जाता जाता अण्णा साहेबांना म्हणाले, "खरे जाजमावरचे हे विसाजीपंत. परवाच बसले, मी स्वतः पाहिलं." हेही मलाच भाषांतर करून सांगावं लागलं.

साहेब थंडपणे म्हणाले, "पंत, तुमचं टिपण खोटं आहे काय?"

खोटं म्हणावं तर नऊ वर्षांची हंगामी नोकरी त्या मैदानात संपत होती. खरं म्हणावं तर समोर पेला होता. मी भोवती पाहिलं. कुंपणापाशी विहिरीवरून परतणाऱ्या बायका थांबल्या होत्या. त्यांत माझं कुटुंब होतं. डोक्यावर घागर, पदर ओला, मान अवघडलेली. ती माझ्याकडे पाहत होती आणि मग तिनं तोटीकडे पाहिलं. मी भीतीनं प्यालो की तिच्याकडे पाहून प्यालो, हे मला आजही सांगता येत नाही. पेला नको म्हणालो, ओंजळ धरली, पॉलनं तोटी फिरवली, आणि मी प्यालो. पाण्याला लोखंडाचा वास होता. पण ते गार होतं आणि गोड होतं.

त्याच संध्याकाळी मी देवळात गेलो. माझी चार बोटं मिटली होती. फरशीवर बसू लागलो तर बाळंभट म्हणाले, "पायरीवर बसा. फरशी जाजमाला लागून आहे." मग हिशोब सुरू झाला : चामड्याचा दोष, किरिस्तावाच्या हातचा दोष, शिवाय समारंभ संपल्यावर साहेबांनी हात मिळवला तो निराळा. प्रायश्चित्त होईपर्यंत माझं पान पंगतीबाहेर. हौसाबाईंनी विरजण द्यायचं बंद केलं. त्या मुळात वाईट नाहीत, भिंतीवरून 'पंत, मला वाईट वाटतं हो' एवढं रोज सांगत. इतकं करून माझी नोकरी हंगामीच राहिली, कारण हेडक्लार्कच्या मते बावीस इसमांनी नाकारलेलं टिपण सिद्ध धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. साहेबांनी हुकूम देऊन आमच्या आळीच्या तोंडाशी एक तोटी बसवली. चार दिवसांनी तिसऱ्या प्रहरी मी घरी आलो तर कुटुंब ओट्यावर बसलं होतं. निवडत नव्हतं, टिपत नव्हतं, नुसतं बसलं होतं. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी तिला नुसती बसलेली कधी पाहिली नव्हती. मला पाहून ती उठू लागली. मी म्हणालो, "बस." मला फार बरं वाटलं. पायरीवर बसण्याचं दुःख त्या दिवशी पुरतं विसरलो.

चैत्र आला आणि देवळामागची विहीर तळाला गेली. तेव्हा प्रथम रतनशेटांचा गडी तोटीवर दिसला. भर दुपारी, डोक्यावरून धोतर घेऊन. मग मोकाश्यांची मोलकरीण. मग एके दिवशी बाळंभटांना एक वचन सापडलं, की वाहत्या पाण्याला दोष नाही, आणि जो दोष दिसत नाही त्याचा उच्चार केल्यानंच दोष लागतो. आठवड्याभरात सारं गाव तोटीवर. आणि गर्दी म्हटली की क्रम आला, क्रम म्हटला की मान आला. अक्षय्यतृतीयेच्या सकाळी मी कचेरीला निघालो तर आळीच्या तोंडाशी, पिंपळाखाली, जाजम अंथरलेलं! अण्णा मधल्या ठिगळावर. कोणाची घागर आधी लागायची ते पाहायला मंडळी सकाळची तिथं बसू लागली होती. पहिल्या दिवसापासून नळ आपणच सांभाळल्यासारखा त्यांचा थाट होता. बाळंभटांनी निर्णयही देऊन टाकला : अक्षय्यतृतीयेपूर्वी जे नळाचं पाणी पिऊ लागले ते निर्दोष, त्यानंतर नव्यानं पिऊ लागेल त्याला प्रायश्चित्त. माझं प्रायश्चित्त मात्र कायम, कारण माझा दोष किरिस्तावाच्या हातचा.

याच सुमारास टॉमलिनसाहेबांची सिंधकडे बदली झाली. जाण्याआधी तोटीपाशी एक दगड बसवावा असं त्यांच्या मनात आलं : नळ कोणत्या साली आला, पहिलं पाणी कोण प्यालं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे. त्या संध्याकाळी अण्णा मोकाशी चक्क माझ्या घरी आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी पाट मांडला.

अण्णा मऊ आवाजात म्हणाले, "दगडावर नाव कोणाचं घालणार?"

"माझं. मीच प्यालो होतो."

"ते खरं. पण असं पहा पंत, दगड कायमचा. त्यावर शोभेल असं नाव हवं. माझं घाला."

"अण्णा, तुम्ही तर उठून गेलात!"

"उठलो तो तोटीकडेच निघालो होतो. गर्दीत गावाला दिसलं नसेल." त्यांनी चंची उघडली. "आणि तुमच्या हिताचंही पहा. तुम्ही प्यालातच नाही म्हटलं की प्रायश्चित्त कसलं? पंगत मोकळी, विरजण मोकळं. शिवाय जाजमावर तुम्हाला जागा. चार बोटं नव्हे, पुरी मांडी. तुमच्या मागं तुमच्या मुलाला."

"पण सगळ्या गावानं पाहिलंय."

"गावानं काय पाहिलं ते आम्ही ठरवू," अण्णा म्हणाले.

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मी तिकडे पाहिलं नाही. पुरी मांडी! मला ती दिसत होती, पिंपळाखाली, निळ्या पट्ट्यावर, सकाळच्या सावलीत. मी माणूस वाईट नाही, पण चौदा वर्षं फरशी फार गार असते. दुसऱ्या दिवशी मजकूर लिहिला : 'या नळाचे पहिले पाणी अण्णा मोकाशी यांनी प्राशन केले.' साहेब सामानाच्या गडबडीत होते. त्यांनी सही करण्यापूर्वी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग सही केली. त्या पाहण्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही, हे नशीब.

दगड बसला आणि मी जाजमावर बसलो. पुरी मांडी घालून. अण्णांनी पान दिलं. बाळंभटांनी 'आमचे पंत' म्हटलं. हौसाबाईंनी विरजणाची वाटी भरून पाठवली. घरी आलो, हातपाय धुतले, पाटावर बसलो आणि प्यायला पाणी मागितलं.

कुटुंबानं रिकामी घागर आणून माझ्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"पाणी आणा."

"हंडा भरलेला दिसतो की."

"तो नळाचा. तुम्हाला कसं देऊ?" ती अगदी शांत होती. "तुम्ही नळाचं पाणी कधी प्यालाच नाहीत. अण्णांशी तसं ठरलंय, दगडावर लिहिलंय. आणि आता नव्यानं प्यायचं तर प्रायश्चित्त आहे, भटजींनी सांगितलंय. मी आपल्या हातानं तुम्हाला बाटवू? देवळामागची विहीर आटली. चेंदणीच्या वाटेवरच्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणतात."

"अगं, पण त्या दिवशी तू स्वतः पाहिलंस."

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "साऱ्या गावात एकटे उभे राहिलात तुम्ही. मला वाटलं होतं, हा माझा माणूस. आता ते झालंच नाही म्हणता, तर नाही."

मी पुष्कळ समजूत घातली. तिनं भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही, जेवायला वेळेवर वाढते, फक्त माझ्या पानाशी पाण्याचा तांब्या रिकामा असतो. मुलांचे भरलेले. चोरून नळावर प्यावं म्हटलं, तर तोटीपाशी जाजम. आणि प्रायश्चित्त घ्यावं म्हटलं, तर जाजमावरच्यानं प्रायश्चित्त घेणं शोभत नाही असं अण्णा म्हणतात.

तेव्हा मी रोज पहाटे घागर घेऊन चेंदणीच्या वाटेवर जातो. येताना पिंपळाखालून यावं लागतं. मंडळी जमलेली असतात, माझी जागा मोकळी असते, तिथं कोणी बसत नाही. मी घागर सांभाळत 'येतो, येतो' म्हणतो आणि मान अवघडली म्हणून पुढे होतो. सगळं गाव नळाचं पाणी पितं. विहिरीचं पिणारा ठाण्यात मी एकटा उरलो आहे. त्यामुळे माझी कीर्ती फार वाढली आहे. बाळंभट परगावच्या लोकांना मला लांबून दाखवतात. आयाबाया म्हणतात, असं सोवळं आता पाहायला मिळत नाही.

परवा नवे साहेब आले. त्यांनी विचारलं म्हणे, की या गावात अगदी जुन्या वळणाचा, नव्याला शिवतसुद्धा नाही असा अस्सल माणूस कोण? जाजमानं एकमतानं माझं नाव सांगितलं. साहेबांनी लगेच मला बोलावणं पाठवलं. मी तेव्हा विहिरीवर होतो.